गुरूची कसोटी

आषाढी पौर्णिमा जवळ आली कीं गांवोगांवच्या मठमंदिरांत पाद्यपूजेची तयारी सुरू होते. गुरुभक्ति ही आमच्या धर्मपरंपरेंतील मोलाची ठेव आहे, याविषयीं आमचा वाद नाहीं. परंतु गुरु कोणास म्हणावें, हा प्रश्न विचारण्याचें आपण बहुधा सोडून दिलें आहे. चाकूर, अहमदपूर, उदगीर येथील ज्या व्यापारी व सुशिक्षित वाचकांस हा प्रश्न पडत असेल, त्यांनीं पैठणच्या एकनाथांचें चरित्र या दृष्टीनें एकवार पाहावें.

एकनाथांचा जन्म सन १५३३ च्या सुमारास झाला. संत भानुदास हे त्यांचे पणजोबा. आईबाप लवकर वारल्यामुळें आजोबा चक्रपाणि यांनीं त्यांचा सांभाळ केला. वयाच्या बाराव्या वर्षाच्या सुमारास हा मुलगा गुरूच्या शोधार्थ देवगिरीस जनार्दनस्वामींकडे गेला. स्वामी मूळचे चाळीसगांवचे, दत्ताचे उपासक. परंतु ते रानांत धुनी लावून बसलेले नव्हते. निजामशाहींत देवगिरी किल्ल्याचा कारभार पाहणारे ते अधिकारी होते.

अशा गुरूनें शिष्यास प्रथम काय दिलें? परंपरा सांगते कीं, हिशेबाचें काम दिलें. एके रात्रीं एका पैची चूक कांहीं केल्या सांपडेना. नाथ दिवा लावून वह्या तपाशीत बसले आणि पहांटे चूक सांपडतांच त्यांनीं आनंदानें टाळी वाजविली. एका पैसाठीं लागलेली ही एकाग्रता परमार्थाकडे वळली तर केवढें कार्य होईल, हें स्वामींनीं तेव्हांच त्यांच्या मनावर बिंबविलें. ज्यांनीं खतावणीचा मेळ बसविण्यासाठीं रात्र जागविली आहे, त्यांस या आख्यायिकेचें मर्म आम्हीं सांगावयास नको.

पुढें गुरुशिष्य त्र्यंबकेश्वरास गेले. तेथें स्वामींनीं नाथांस चतुःश्लोकी भागवतावर मराठींत टीका लिहावयास लाविलें, एकट्यास तीर्थयात्रेस धाडिलें व स्वतः देवगिरीस परतले. यात्रेनंतर नाथांनीं पैठणास राहून संसार करावा, अशी त्यांची आज्ञा होती. शिष्यास जन्मभर आपल्या पायांशीं बसवून ठेवणें त्यांस सहज शक्य होतें. त्यांनीं त्यास त्याच्या गांवीं, त्याच्या माणसांत परत पाठविलें.

याचें फळ महाराष्ट्रानें पाहिलें. सन १५७३ मध्यें नाथांनीं काशीस आपलें भागवत पुरें केलें. संस्कृतांत कोंडलेलें ज्ञान प्राकृतांत आणिल्याबद्दल तेथील पंडितांनीं त्यांस जाब विचारला, असें चरित्रकार सांगतात. सन १५८४ मध्यें त्यांनीं ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. जवळजवळ तीनशें वर्षांच्या नकलांत शिरलेले अपपाठ शोधून काढणें हें काम देवगिरीच्या वह्यांत तयार झालेल्या नजरेचेंच होतें, असें आम्हांस वाटतें. श्राद्धाचें अन्न त्यांनीं अस्पृश्यांस वाढलें, गोदावरीच्या तापलेल्या वाळूंत रडणारें महाराचें मूल कडेवर घेतलें, आणि त्याबद्दल पैठणच्या ब्रह्मवृंदाचा रोष सोसला, अशा कथा घरोघरीं सांगितल्या जातात. आपल्या अभंगांत त्यांनीं स्वतःच्या नांवाशेजारीं गुरूचें नांव जोडलें. सन १५९९ मध्यें फाल्गुन वद्य षष्ठीस त्यांनीं देह ठेविला. ती तिथि नाथषष्ठी म्हणून पैठणास आजही यात्रेनें पाळली जाते.

जनार्दनस्वामींची थोरवी आज आपणांस कळते ती मुख्यतः त्यांच्या शिष्याच्या कार्यावरून. गुरूची कसोटी याहून दुसरी आम्हांस दिसत नाहीं. ज्याच्या सहवासांत शिष्य अधिक कष्टाळू, अधिक निर्भय व दुबळ्यांविषयीं अधिक कनवाळू होतो, तो गुरु. ज्याच्या दारीं शिष्याची बुद्धि गहाण पडते आणि दक्षिणेचा जमाखर्च कोणास दिसत नाहीं, त्यास गुरु म्हणणें हा परंपरेचा अपमान आहे. बुवाबाजीच्या अघोरी प्रकारांस आळा घालण्यासाठीं महाराष्ट्रांत सन २०१३ मध्यें कायदा झाला. पण कायदा गुन्हा घडल्यावर धांवतो. गुरूची पारख ज्याची त्यानेंच करावयाची असते. माल पारखल्यावांचून आपण एक पोतें उचलीत नाहीं. पाद्यपूजेचें ताट उचलण्यापूर्वीं तेवढी तरी पारख करावी, आणि जेथें पंगतींत जातिभेद आहे तेथून तें ताट परत आणावें, अशी आमची वाचकांस आग्रहाची विनंती आहे.