संत मारी-अल्फोन्सिन : पवित्र भूमीतील बालिकांची शिक्षिका

पवित्र भूमी म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर बेथलेहेमचा गोठा, नाझरेथचे घर आणि कालवारीची टेकडी उभी राहते. मात्र त्याच भूमीत अरबी भाषेत प्रभूची प्रार्थना म्हणणारे ख्रिस्ती बांधव पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत, याचे स्मरण आपल्याला क्वचितच होते. या अल्पसंख्य समाजाने ख्रिस्तसभेला एक थोर शिक्षिका दिली. तिचे नाव संत मारी-अल्फोन्सिन.

तिचा जन्म जेरुसलेम शहरात ४ ऑक्टोबर १८४३ रोजी घत्तास कुटुंबात झाला. वडील दानिएल सुतारकाम करीत. बाप्तिस्म्याच्या वेळी तिचे नाव सुलताना मरियम असे ठेवण्यात आले. त्या काळी तेथे तुर्की उस्मानी सुलतानाचे राज्य होते आणि प्रजेत मुस्लिम बांधव बहुसंख्य होते. खेड्यापाड्यांतील मुलींना, मग त्या ख्रिस्ती असोत वा मुस्लिम, अक्षरओळख होण्याची सोय जवळजवळ नव्हतीच. जेरुसलेममधील लॅटिन पॅट्रिआर्कचे, म्हणजे तेथील कॅथलिक ख्रिस्तसभेच्या प्रमुख धर्माध्यक्षांचे पीठ १८४७ साली पुन्हा कार्यरत झाले आणि गावोगावी धर्मगुरू जाऊ लागले. तथापि त्या समाजाच्या रीतीप्रमाणे परक्या पुरुषाला घरातील स्त्रिया व मुली यांच्यापर्यंत पोहोचणे कठीण होते. ही उणीव धर्मभगिनीच भरून काढू शकत होत्या.

संत एमिली द व्हियालार यांनी फ्रान्समध्ये स्थापन केलेल्या सेंट जोसेफ ऑफ द अ‍ॅपॅरिशन या संस्थेच्या भगिनी १८४८ साली जेरुसलेमला आल्या होत्या. १८५८ साली, अवघ्या चौदाव्या वर्षी, सुलताना त्यांच्यात दाखल झाली. मुलगी दूरदेशी पाठवली जाईल या धास्तीने वडिलांनी आधी विरोध केला. पुढे त्यांनी संमती दिली. ३० जून १८६० रोजी कालवारीच्या पवित्र स्थळी तिने व्रतस्थाचे वस्त्र स्वीकारले आणि ती सिस्टर मारी-अल्फोन्सिन झाली. प्रथम जेरुसलेममध्ये व नंतर बेथलेहेममध्ये ती मुलींना धर्मशिक्षण देऊ लागली. तिची भाषा आणि त्या मुलींची भाषा एकच होती. परदेशी भगिनींना प्रयासाने साधावी लागणारी जवळीक तिला सहज लाभली.

६ जानेवारी १८७४ रोजी, प्रभुप्रकटीकरणाच्या सणादिवशी, तिला पवित्र मरियेचे दर्शन घडले. पुढील दर्शनांतून तिला एक आज्ञा झाली : स्थानिक अरब मुलींसाठी जपमाळेच्या नावाने नवी संस्था उभी राहावी. येथे तिच्या आयुष्यातील मोठी परीक्षा सुरू झाली. ती एका संस्थेला वचनबद्ध होती आणि त्या संस्थेविषयी तिच्या मनात कृतज्ञता होती. स्वतःच्या दर्शनाचा डंका पिटून तिने अनुयायी गोळा केले नाहीत. आपल्या आध्यात्मिक मार्गदर्शकांना व पॅट्रिआर्क विन्सेंट ब्राक्को यांना तिने हे गुपित सांगितले आणि ख्रिस्तसभेच्या निर्णयाची वाट पाहिली.

२४ जुलै १८८० रोजी फादर योसेफ तान्नूस यांच्या पुढाकाराने जपमाळेच्या भगिनींची संस्था जेरुसलेममध्ये सुरू झाली. पवित्र भूमीतील ही पहिली स्थानिक अरब भगिनीसंस्था होय. तिची मूळ प्रेरणा जिच्याकडून आली, ती मात्र अद्याप बाहेरच होती. जुन्या संस्थेतून मोकळे होण्यास रोमची परवानगी मिळाल्यावर, ऑक्टोबर १८८३ मध्ये, मारी-अल्फोन्सिन या नव्या घरात साधी उमेदवार म्हणून आली. ७ मार्च १८८५ रोजी तिने व्रते घेतली. आपणच या संस्थेचे बीज आहोत, हे तिने सहभगिनींना कळू दिले नाही.

त्यानंतर वरिष्ठ सांगतील त्या गावी जाऊन लहान मुलींची शाळा सांभाळणे, हेच तिचे जीवन झाले. नाझरेथजवळचे याफा, मेंढपाळांचे गाव बेत साहूर, जॉर्डन नदीपलीकडचे साल्त, नाब्लुस, झबाब्दे अशी तिची भ्रमंती झाली. याफा येथे एक मुलगी पाण्याच्या हौदात पडली असता तिने आपली जपमाळ हौदात टाकली, इतर मुलींसह प्रार्थना केली आणि ती मुलगी जिवंत बाहेर आली, ही आठवण संस्थेने जपली आहे. बेथलेहेममध्ये तिने गरीब मुलींना हातकाम शिकवून उपजीविकेचे साधन दिले. पहिल्या महायुद्धाच्या हलाखीत, १९१७ साली, ती एन कारेम येथे आली आणि तेथे तिने अनाथ मुलींसाठी आश्रम सुरू केला. २५ मार्च १९२७ रोजी, देवदूताने मरियेला दिलेल्या संदेशाच्या सणादिवशी, तेथेच तिने देह ठेवला.

तिच्या मृत्यूनंतर तिची सख्खी बहीण हान्ने, जी त्याच संस्थेत भगिनी होती, तिने दोन हस्तलिखित वह्या पॅट्रिआर्क बार्लासिना यांच्या हाती दिल्या. संस्थेची खरी संस्थापिका कोण, हे भगिनींना तेव्हा उमगले. जिला त्यांनी एवढी वर्षे या गावाहून त्या गावी जाताना पाहिले होते, तीच ती होती. २२ नोव्हेंबर २००९ रोजी नाझरेथ येथे तिला धन्य घोषित करण्यात आले आणि १७ मे २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी तिला संतपद बहाल केले.

तिच्या लेकींच्या शाळा पुढे जॉर्डन, लेबनॉन व आखाती देशांतही उभ्या राहिल्या. त्यांत ख्रिस्ती मुलांच्या शेजारी मुस्लिम मुले बसतात. गाझातील शाळेत तर बहुतेक विद्यार्थी मुस्लिमच होते. जून २००७ मधील सत्तासंघर्षात त्या शाळेची नासधूस झाली. भगिनींनी ती पुन्हा उभी केली. नोव्हेंबर २०२३ मध्ये, युद्धकाळात, तिच्यावर पुन्हा आघात झाला. अशा भूमीत धर्मकार्याचे फळ आकड्यांत मोजू गेल्यास हाती निराशाच येईल. पण ज्या मुलीला एका भगिनीने हात धरून पहिले अक्षर गिरवायला शिकवले, ती मोठेपणी कोणत्याही धर्माची असली तरी तो हात विसरत नाही.

आपल्या धर्मग्रामांत रविवारी धर्मशिक्षणाचे वर्ग घेणारे अनेक शिक्षक आहेत. वर्गात मुले थोडी असतात, कष्ट कोणाच्या नजरेस पडत नाहीत आणि कधी कधी मन खचते. संत मारी-अल्फोन्सिनने चाळीसहून अधिक वर्षे आपले श्रेय झाकून ठेवले आणि समोरच्या बालिकेवर लक्ष दिले. तिच्या मध्यस्थीने आपल्या शिक्षकांना तीच चिकाटी लाभो आणि पवित्र भूमीतील लेकरांना शांततेत शाळेत जाता येवो, ही प्रभुचरणी प्रार्थना.