थोरांची ओळख : वांग यांगमिंग (१४७२–१५२९)

मंडळी, चीनमधले हे विचारवंत मुळात सरकारी अधिकारी. दरबारातल्या ल्यू जिनने काही अधिकाऱ्यांना तुरुंगात टाकलं, तेव्हा १५०६ साली यांनी त्यांच्यासाठी सम्राटाकडे अर्ज केला. बदल्यात ४० फटके मिळाले आणि दूर ग्वेइजोउच्या डोंगरात, लोंगछांगच्या टपालचौकीवर रवानगी झाली.

तिथे सोबतचे नोकर आजारी पडले, तर हे स्वतः लाकडं फोडायचे, पाणी आणायचे, पेज करून त्यांना भरवायचे. सत्य बाहेर शोधायचं नाही, ते आपल्या मनातच आहे, हे त्यांना तिथेच उमगलं.

१५०९ मध्ये एक अनोळखी अधिकारी, त्याचा मुलगा आणि नोकर त्या वाटेवर मरण पावले. वांग दोन पोरांना घेऊन मूठमाती द्यायला निघाले. पोरं कचरली. आपणही यांच्यासारखेच, असं वांग म्हणाले, तेव्हा पोरांचे डोळे भरून आले आणि ती निघाली.

पुढे ते हेच शिकवत राहिले, की सारं विश्व एकच देह आहे. विहिरीत पडू पाहणारं मूल दिसलं की जीव कळवळतो, मोडलेलं रोप, फुटलेलं कौल पाहूनही मन चुकचुकतं, ते याचमुळे.

विश्व एक आहे हे आपण रोज म्हणतो. आज दारावरून जाणाऱ्या एखाद्या अनोळखी माणसाची विचारपूसही करूया. 🙏