डॉ. आनंदीबाई आणि बाळंतपणाची तयारी

अक्कलकोट तालुक्यात पहिल्या बाळंतपणाला लेक माहेरी येते. कुणाचे माहेर सोलापुरात, कुणाचे सीमेपलीकडे आळंद-इंडीकडे. डोहाळजेवण होते, बाळंतविडा जमतो, डिंक-खोबरे आणून ठेवले जाते. घर सज्ज होते. पण जिला बाळंत व्हायचे आहे, तिचे शरीर आणि मन सज्ज आहे का, हा प्रश्न बहुधा मागे राहतो. डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या आयुष्याला याच प्रश्नाने वळण दिले.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. माहेरचे नाव यमुना, घराणे कल्याणचे. नवव्या वर्षी त्यांचे लग्न टपाल खात्यात नोकरी करणाऱ्या गोपाळराव जोशी यांच्याशी झाले. गोपाळराव बिजवर, वयाने बरेच मोठे. बायकोला शिकवण्याचा त्यांचा हट्ट इतका, की अभ्यासात कसूर झाली तर प्रसंगी हातही उगारत. चौदाव्या वर्षी आनंदीबाई बाळंत झाल्या. मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला.

चौदाव्या वर्षी मुलीची उंची जवळजवळ पूर्ण झालेली असली, तरी कटिभागाची हाडे अजून वाढत असतात. अशा वयात बाळ अडण्याची, दिवस भरण्याआधी किंवा कमी वजनाचे जन्मण्याची भीती अधिक. आईला रक्तक्षय आणि झटके येण्याचा धोकाही जास्त. त्यातच त्या काळी बाळंतिणीची खोली अंधारी नि कोंदट असे. हात स्वच्छ धुतल्याने बाळंतज्वराचे मृत्यू कमी होतात, हे व्हिएन्नात डॉ. सेमेलवाइस यांनी १८४७ मध्ये दाखवून दिले होते. आपल्या घरांत ते ज्ञान पोहोचले नव्हते. पुरुष डॉक्टरपुढे जायला बायका तयार नसत आणि स्त्री डॉक्टर मिळत नसे.

ही उणीव आपण भरून काढायची, असे आनंदीबाईंनी ठरवले. १८८३ मध्ये बंगालमधील सेरामपूर येथे जाहीर सभेत त्यांनी आपला हेतू सांगितला आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्या कलकत्त्याहून बोटीने निघाल्या. न्यू जर्सीतील कार्पेंटर बाईंनी त्यांना घरच्यासारखे सांभाळले. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकून ११ मार्च १८८६ रोजी त्यांनी एमडी पदवी मिळवली. पदवीदान समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या.

प्रबंधासाठी आनंदीबाईंनी विषय निवडला तो हिंदूंमधील प्रसूतिशास्त्राचा. जे दुःख स्वतः सोसले, त्याचाच त्यांनी अभ्यास केला. आपल्या जुन्या वैद्यकात या विषयावर बारकाईने विचार झालेला आहे. चरकसंहितेत गर्भिणीचा महिन्यागणिक आहार सांगितला आहे. सूतिकागार नववा महिना लागण्याआधी तयार ठेवावे, अनुभवी आणि प्रेमळ स्त्रियांनी जवळ राहून तिला धीर द्यावा, कळ आली नसताना तिने जोर करू नये, असेही तिथे म्हटले आहे. आजचे शास्त्र याची कारणे सांगते. भीती वाढली की शरीरात ॲड्रिनलिन वाढते, स्नायू ताठरतात आणि कळा मंदावू शकतात. विश्वासाचे माणूस जवळ असले की भीती ओसरते. गर्भाशयाचे तोंड पुरते उघडण्याआधी जोर केला, तर आई नुसती दमते.

आनंदीबाईंनी स्वतःच्या शरीराची मात्र हेळसांड होऊ दिली. परदेशातली कडाक्याची थंडी, अपुरा आहार आणि अभ्यासाचा ताण यांनी प्रकृती खालावली आणि क्षयाने गाठले. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्री विभाग सांभाळण्यासाठी त्यांची नेमणूक झाली होती. १८८६ च्या अखेरीस त्या मायदेशी परतल्या त्या अंथरुणाला खिळलेल्याच. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. बाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते. क्षयावरचे पहिले गुणकारी औषध, स्ट्रेप्टोमायसिन, १९४३ मध्ये सापडले. ज्या कामासाठी त्या समुद्र ओलांडून गेल्या, ते करायला त्यांना एक दिवसही मिळाला नाही.

आनंदीबाईंना जे मिळाले नाही, ते आज सरकारी दवाखान्यात मोफत मिळते; ते वेळेवर घ्यायला हवे. अठराच्या आत लग्न नको आणि विशीच्या आत बाळंतपण नको. दिवस राहिल्याचे कळताच, बारा आठवड्यांच्या आत नाव नोंदवावे आणि किमान चार तपासण्या कराव्यात. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयांत गर्भवतींची खास तपासणी असते. चौथ्या महिन्यापासून लोहाची गोळी रोज एक, किमान १८० दिवस घ्यावी; ती चहासोबत घेऊ नये. डॉक्टरांनी मना केले नसेल तर रोज थोडे चालावे आणि संथ, दीर्घ श्वासाचा सराव करावा. कळांच्या वेळी तोच उपयोगी पडतो.

माहेरी जाताना, विशेषतः दुसऱ्या राज्यात, तपासण्यांचे माता-बाल संरक्षण कार्ड सोबत न्यावे. कुठे बाळंत व्हायचे, वाहन कोणते आणि सोबत कोण, हे आठव्या महिन्यातच ठरवावे. १०२ आणि १०८ हे क्रमांक घरातल्या प्रत्येकाला पाठ असावेत. रक्तस्राव, अंगावरून पाणी जाणे, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा बाळाची हालचाल मंदावणे यांपैकी काहीही झाले, तर सकाळ होण्याची वाट पाहू नये.

बाळंतविडा भरताना आईच्या हिमोग्लोबिनचा आकडाही घरात सगळ्यांना ठाऊक असला, म्हणजे तयारी पुरी झाली.