ठिपके लुईसचे, नोबेल दुसऱ्यांचं

वाशिममधल्या कुठल्याही सायन्सवाल्याची वही उघडा, अणूभोवती ठिपके असतातच. तुम्हीही काढलेत ना? ते अमेरिकेच्या गिल्बर्ट लुईसचे. जन्म १८७५.

मिठाचं गणित सोपं: सोडियम इलेक्ट्रॉन देतो, क्लोरिन घेतो, विरुद्ध भार एकमेकांना धरून ठेवतात. पण पाण्याच्या रेणूत कुणीच देऊन टाकत नाही, मग अणू जुळतात कसे? १९१६ मध्ये लुईसनं सांगितलं, दोघं एकेक इलेक्ट्रॉन मध्ये ठेवतात आणि जोडी दोघांची. डब्यासारखं शेअरिंग!

ही कल्पना लँगम्युअरनं भाषणांतून इतकी गाजवली, की श्रेयही बरंचसं त्याच्याकडे गेलं. लुईसला ते लागलं. १९३२ चं नोबेल लँगम्युअरला (वेगळ्या कामासाठी), १९३४ चं लुईसच्याच विद्यार्थ्याला, युरीला. लुईसचं नाव चाळीसेक वेळा सुचवलं गेलं, मिळालं एकदाही नाही. मार्च १९४६ मध्ये बर्कलीच्या लॅबमध्ये काम करतानाच तो गेला.