जोसेफ मिकली : नाण्यांचा थोर अभ्यासक

संग्रहाची हौस मनुष्यास उपजतच असते. कोणी टपालाचीं तिकिटें जमवितो, कोणी शिंपले, तर कोणी जुने ग्रंथ. परंतु नुसता सांठा करणें निराळें आणि सांठविलेल्या वस्तूंपासून ज्ञान मिळविणें निराळें. हा भेद ज्यांच्या चरित्रांत स्पष्ट दिसतो असे एक सद्‌गृहस्थ अमेरिकेंत होऊन गेले. त्यांचें नांव जोसेफ मिकली. तेथील नाणकसंग्राहक त्यांना आपले आद्य गुरु मानितात.

मिकली यांचा जन्म १७९९ सालीं पेनसिल्व्हेनिया संस्थानांत झाला. त्यांचें घराणें मूळचें ह्यूगेनॉट, म्हणजे धर्मासाठीं छळ सोसलेल्या फ्रेंच प्रॉटेस्टंट लोकांपैकीं होतें. पियानो बनविण्याचा धंदा शिकून त्यांनीं १८२२ सालीं फिलाडेल्फिया शहरांत स्वतःचें दुकान थाटलें. तंतुवाद्यें दुरुस्त करण्यांत त्यांचा हात इतका कुशल होता कीं, ओले बुल या जगप्रसिद्ध वादकानें आपलें व्हायोलिन त्यांच्याच हातीं सोंपविलें.

सतरा वर्षांच्या सुमारास आपल्या जन्मवर्षाचें एक सेंट, म्हणजे तांब्याचें हलकें नाणें, जवळ असावें अशी इच्छा त्यांना झाली. इच्छा साधी, पण १७९९ चें सेंट अत्यंत दुर्मिळ! तें शोधतां शोधतां इतर वर्षांचीं नाणीं हातीं येऊं लागलीं, आणि कांहीं नाणीं विपुल व कांहीं दुर्मिळ कां, या प्रश्नानें त्यांना घेरलें.

याचें उत्तर फिलाडेल्फियाच्या टांकसाळीच्या इतिहासांत आहे. ही टांकसाळ १७९२ च्या कायद्यानें स्थापन झाली व तेथें पहिलें सोन्याचें नाणें १७९५ सालीं पडलें. त्या काळीं पोलादी ठशांवरील तारे, अक्षरें व आंकडे एकेक करून हातानें ठोकून बसवीत. ठसा तडकला कीं नवा करावा लागे आणि नवा ठसा जुन्याशीं तंतोतंत जुळत नसे. १७९५ च्या दहा डॉलरांच्या नाण्यावर गरुडाच्या पायांत ताडाची डहाळी आहे. बहुतेक नाण्यांवर तिला १३ पानें आहेत, तर थोड्यांवर केवळ ९. अशा ठसाभेदांवरून अभ्यासक नाण्यांची वंशावळच मांडतात.

सोन्याचीं जुनीं नाणीं दुर्मिळ होण्याचें कारण निराळें आहे. कायद्यानें सोन्याचा भाव चांदीच्या पंधरापट ठरविला होता. युरोपांत तो त्याहून अधिक होता. त्यामुळें नाणीं परदेशीं जाऊन वितळविलीं गेलीं. १८३४ सालीं नव्या नाण्यांतील सोनें कमी केल्यावर तर जुनें नाणें दर्शनी किंमतीपेक्षां धातूनेंच महाग ठरलें व उरलेलीं नाणींही मुशींत गेलीं. १८२२ सालीं पांच डॉलरांचीं १७,७९६ नाणीं पडल्याची नोंद आहे. त्या वर्षाचीं आज केवळ ३ ज्ञात आहेत.

मिकली यांनीं आपलें ज्ञान स्वतःपाशीं दडवून ठेविलें नाहीं. अमेरिकन नाण्यांचीं वर्षें व त्यांची दुर्मिळता दाखविणारी एक पुस्तिका त्यांनीं १८५८ सालीं प्रसिद्ध केली. त्याच वर्षीं फिलाडेल्फियांत नाणकशास्त्राची संस्था निघाली, तिचे ते पहिले अध्यक्ष झाले.

त्यांच्या संग्रहांतील १८०४ चा चांदीचा डॉलर फार गाजला. पुढें विसाव्या शतकांतील संशोधनानें सिद्ध झालें कीं, तो १८०४ सालीं पाडलेलाच नव्हता! १८३४ सालीं स्यामचा राजा व मस्कतचा सुलतान यांच्या नजराण्यासाठीं असे डॉलर मुद्दाम पाडले गेले. त्यांच्यासोबत दिलेल्या १८०४ च्या सुवर्णनाण्यावरील ४ चा आंकडा साधा आहे. खऱ्या १८०४ च्या नाण्यावर त्या आंकड्याच्या आडव्या रेघेच्या टोंकाशीं लहान उभी रेघ आहे. एवढ्याशा रेघेनें तें नाणें केव्हां पडलें हें उघड होतें. स्यामचा नजराणा नेणारें ‘पीकॉक’ जहाज १८३५ सालीं दुरुस्तीसाठीं आपल्या मुंबई बंदरांत आलें होतें, हें वाचकांस कौतुकाचें वाटेल.

१८६७ सालीं मिकलींवर मोठें संकट ओढवलें. त्यांच्या घरीं चोरी होऊन सुमारें १६,००० डॉलर किंमतीचीं परदेशी नाणीं गेलीं. अर्धशतकाचे श्रम एका रात्रींत नाहींसे झाले. अमेरिकन नाणीं वांचलीं होतीं, तींही त्यांनीं त्याच वर्षीं विकून टाकिलीं. १८०४ च्या डॉलरला तेव्हां लिलांवांत ७५० डॉलर आले.

दुसरा कोणी खचून गेला असता. मिकली मात्र सत्तरीच्या उंबरठ्यावर १८६९ सालीं युरोपच्या प्रवासास निघाले व तीन वर्षें तेथील संग्रह व देश पाहत हिंडले. अमेरिकेंतील स्वीडिश वसाहतीच्या आरंभाविषयींचा त्यांचा अभ्यास त्यांच्या मरणानंतर १८८१ सालीं प्रसिद्ध झाला. १८७८ च्या फेब्रुवारींत त्यांनीं देह ठेविला.

विद्यार्थिमित्रहो, पृथ्वीवरील ठेव्याविषयीं प्रभु येशूनें डोंगरावर दिलेली शिकवण तुम्हांस ठाऊक आहेच. मिकलींची पेटी चोरांनीं फोडली. परंतु बारीक पाहण्याची संवय, जिज्ञासा आणि मिळालेलें ज्ञान वांटण्याची वृत्ति त्यांना नेतां आली नाहीं. तुम्हीं तिकिटें जमवा, नाणीं जमवा, पानें-फुलें जमवा. मात्र प्रत्येक वस्तूला एक तरी प्रश्न विचारल्याशिवाय ती पेटींत ठेवूं नका.