मुसव्विर राजा दीनदयाळ

विद्यार्थी मित्रांनो, कंधारचा किल्ला तुम्ही पाहिला आहे ना? त्याच्या दगडी तटावरचे ऊन सकाळी वेगळे दिसते आणि संध्याकाळी वेगळे. या तटाचे एकच छायाचित्र काढायचे असेल, तर तुम्ही कोणता क्षण निवडाल? असे क्षण टिपणाऱ्या एका थोर कलावंताची ओळख आज करून घेऊ.

लाला दीनदयाळ यांचा जन्म १८४४ साली मेरठजवळच्या सरधना या गावी झाला. रुडकीला ते स्थापत्यशास्त्र शिकले. १८६६ साली त्यांना इंदूरला बांधकाम खात्यात नोकरी मिळाली. नकाशे आखणे आणि खर्चाचे अंदाज काढणे हे त्यांचे काम. सारे काही पट्टीने मोजून चाले. सुमारे १८७४ पासून ते छायाचित्रे काढू लागले.

त्या काळचा कॅमेरा मोठ्या पेटीसारखा असे. तो तिवईवर ठेवत. त्याच्या मागच्या काचेवर समोरचे दृश्य उलटे दिसे. तिच्या जागी लेप दिलेली काच बसवली, की तेही दिसेनासे होई. उजेड मोजणारे यंत्र कॅमेऱ्यात नव्हते. झाकण केव्हा उघडायचे आणि किती वेळ उघडे ठेवायचे, हे अनुभवी मनच सांगे. अंदाज चुकला, तर काच वाया जाई. तेथे पट्टी काय कामाची?

पण मनाचा असा कौल आयता मिळत नाही. दीनदयाळांनी किल्ले, राजवाडे, लेणी आणि माणसे यांची असंख्य छायाचित्रे काढली. त्या मेहनतीतून त्यांची नजर तयार झाली. त्याच नजरेच्या बळावर त्यांनी पुढे पगाराची नोकरी सोडली.

१८८५ साली ते हैदराबादचे सहावे निजाम मीर महबूब अली खान यांचे दरबारी छायाचित्रकार झाले. तुमचे कंधार तेव्हा याच राज्यात होते. राज्यातील वेरूळची लेणी आणि दौलताबादचा किल्ला त्यांनी कॅमेऱ्यात टिपला. १८९४ साली निजामांनी त्यांना ‘राजा बहादुर मुसव्विर जंग’ हा किताब दिला. मुसव्विर म्हणजे चित्रकार, हे तुम्हांला सांगायला नकोच! १९०५ साली ते वारले. त्यांच्या अनेक मूळ काचा दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात जपून ठेवल्या आहेत.

मित्रांनो, चित्र असो वा छायाचित्र, आधी भरपूर सराव करा. मग ऐन वेळी मोजमाप करत बसू नका. आपल्या नजरेवर विश्वास ठेवा.