पासोडीकार दासोपंत

बीडहून दक्षिणेस निघून मांजरसुंब्याच्या बाजूने बालाघाटाच्या डोंगरात शिरले की कपिलधार लागते. पावसाळ्यात तेथे कड्यावरून पाण्याची धार कोसळते आणि तिचा घोष सगळ्या दरीत घुमतो. या धारेजवळच मन्मथस्वामींची समाधी आहे. मन्मथस्वामी हे सोळाव्या शतकातील वीरशैव संतकवी. त्यांचा 'परमरहस्य' हा मराठी ग्रंथ अनेक घरांत भक्तीने वाचला जातो, आणि कार्तिकी पौर्णिमेच्या यात्रेस दूरदूरचे लोक पायी चालत कपिलधारेला येतात. याच डोंगरांच्या रांगेने आग्नेयेकडे गेले म्हणजे अंबाजोगाई येते. त्याच सोळाव्या शतकात तेथे आणखी एक मोठा कवी येऊन राहिला. त्याचे नाव दासोपंत. तो तेथे आला, त्याच्या कितीतरी आधी, कोवळ्या वयात, त्याला एका भयंकर प्रसंगातून जावे लागले होते.

दासोपंतांचा जन्म शके १४७३ मध्ये, म्हणजे इसवी सन १५५१ साली झाला. त्यांच्या वडिलांचे नाव दिगंबरपंत आणि आईचे नाव पार्वतीबाई. घराणे देशपांड्यांचे होते. ते बिदरच्या राज्यात नारायणपेठ येथे राहत. बहमनी राज्याची शकले झाल्यावर बिदरला बरीदशाही सुरू झाली होती. परगण्याच्या जमिनीचे हिशेब ठेवणे आणि ठरलेला सारा सरकारात भरणे, हे देशपांड्यांचे काम. पीकपाणी चांगले असेल त्या वर्षी या कामात मानही असे आणि सुखही असे. परंतु पाऊस रुसला की हेच काम गळ्याचा फास होई. कारण शेतात दाणा पिको वा न पिको, सरकारी आकडा बदलत नसे.

असेच एक दुष्काळाचे साल आले. रयतेकडून वसूल होईना. थकबाकी वाढत गेली आणि दिगंबरपंतांना बिदरच्या दरबारातून बोलावणे आले. त्यांच्याबरोबर त्यांचा मुलगाही होता. त्या वेळी तो जेमतेम मिसरूड फुटण्याच्या वयाचा असेल. दासोपंतांच्या परंपरेतील चरित्रात पुढील हकिगत आली आहे. दरबाराने दिगंबरपंतांना एक महिन्याची मुदत दिली. मात्र तोवर मुलाला तारण म्हणून बिदरलाच ठेवून घेतले. मुदतीत पैसा आला तर मुलगा घरी जाईल. न आला तर तो कायमचा दरबारचा होईल आणि त्याला आपला धर्मही सोडावा लागेल, अशी अट होती. दागिना गहाण ठेवावा, शेत गहाण ठेवावे, तसा हा मुलगा सरकारी बाकीपोटी गहाण पडला.

वडील एकटेच परत गेले. एवढी रक्कम दुष्काळात कोठून उभी राहणार? मुलगा लहान असला तरी अजाण नव्हता. देशपांड्यांच्या घरात वाढल्यामुळे आकडे त्याला समजत होते, आणि म्हणूनच आपली सुटका होण्याचा संभव किती थोडा आहे, हेही त्याला समजत होते. एकेक दिवस उगवे आणि मावळे. मुदतीतला एक दिवस कमी होई. चरित्रात अशी गोष्ट आहे की, त्याच्या जेवणखर्चासाठी दरबारातून रोज जो पैसा मिळे, तो हा मुलगा दान करून टाकी. स्वतःवरच संकट कोसळले असता दुसऱ्याची भूक आठवणे मोठ्यांनाही सहसा साधत नाही. उरलेला वेळ तो आपल्या कुळाच्या दैवताचे, श्रीदत्तांचे, स्मरण करण्यात घालवी.

मुदतीचा शेवटचा दिवस आला. वडिलांकडून निरोप नव्हता. आणि त्या दिवशी एक अनोळखी मनुष्य दरबारात येऊन उभा राहिला. त्याने आपले नाव दत्ताजी पाडेवार असे सांगितले, दिगंबरपंतांकडची सगळी बाकी पैनपै मोजून दिली, पावती घेतली आणि तो निघून गेला. पाडेवार म्हणजे गावाची सांगितलेली कामे करणारा, निरोप व वसूल पोचविणारा गावकामगार. त्या काळी अशा माणसाला ओटीवर कोणी बसू देत नसे. पण मुलाची सुटका झाली ती त्याच्या हातून. बादशहाने मुलाला सन्मानाने घरी पाठविले.

घरी आनंदीआनंद झाला. आईने दृष्ट काढली असेल, गावाने साखर वाटली असेल. इतरांच्या दृष्टीने गोष्ट येथे संपली होती. परंतु दिगंबरपंतांनी बिदरला कोणाला पाठविलेच नव्हते! त्यांची रक्कम उभी राहिलीच नव्हती. मग तो मनुष्य कोण? भाविकांची श्रद्धा अशी की, पाडेवाराच्या रूपाने स्वतः दत्तच धावून आले. दासोपंतांचाही तोच विश्वास होता, आणि त्या विश्वासाने त्यांना घरात स्वस्थ बसू दिले नाही. ज्याने आपल्याला सोडविले, त्याचे तोंडसुद्धा आपण नीट पाहिले नाही, या एका विचाराने त्यांचे मन व्यापले. संकटातून सुटलेली बहुतेक माणसे ते संकट लवकरात लवकर विसरू पाहतात. काहींच्या मनात त्याचा कडवटपणा जन्मभर राहतो. दासोपंतांनी यांतले काहीच केले नाही. तो महिना त्यांनी मनाच्या तळाशी जपून ठेवला आणि त्याचा अर्थ शोधण्यासाठी एके दिवशी कोणास न सांगता घर सोडले.

ते फिरत फिरत माहूरला गेले. माहूरगड हे दत्तभक्तांचे फार जुने क्षेत्र. तेथे त्यांनी बारा वर्षे तप केले, असे सांगतात. पुढे ते गोदावरीच्या तीरावर राक्षसभुवन येथे येऊन राहिले. हे गावही बीड जिल्ह्यातच आहे.

इकडे घरी काय झाले, हे मात्र विसरून चालणार नाही. एकदा हरवून सापडलेला मुलगा आईवडिलांच्या हातून दुसऱ्यांदा गेला होता. दासोपंतांचे लग्न झालेले होते. नवऱ्याची वाट पाहण्यात त्यांच्या पत्नीची ऐन उमेदीची वर्षे गेली. बारा वर्षे शोध लागला नाही, तेव्हा ते मृत झाले असे समजून घरची माणसे पुढील विधी करण्यासाठी त्यांच्या पत्नीला घेऊन नदीकाठी आली, आणि नेमकी तेथेच दासोपंतांची व त्यांची भेट झाली, अशी कथा आहे. थोरांच्या चरित्रात त्यांच्या त्यागाचे वर्णन भरपूर असते; त्या त्यागाची किंमत घरातल्या ज्यांनी भरली, त्यांच्या वाट्याला दोन ओळीही येत नाहीत. दासोपंतांना ती किंमत कळली असावी. कारण यानंतर ते अरण्यात परत गेले नाहीत. कुटुंबासह ते अंबाजोगाईला आले आणि शेवटपर्यंत तेथेच राहिले.

अंबाजोगाई हे योगेश्वरीचे क्षेत्र. आद्यकवी मुकुंदराजांची समाधीही तेथेच आहे. अशा गावी दासोपंतांनी लेखणी हाती घेतली, ती अखेरपर्यंत खाली ठेवली नाही. त्यांना लिहिण्यासाठी रोज एका ढब्बू पैशाची शाई लागे, असे लोक कौतुकाने सांगत. ढब्बू म्हणजे तांब्याचे जाड, मोठे नाणे. शाईचा खर्च नाण्यांत मोजावा लागेल असा कवी मराठीत दुसरा क्वचितच झाला असेल. भगवद्गीतेवर त्यांनी 'गीतार्णव' ही टीका लिहिली. तिच्या ओव्या सव्वा लाख आहेत, अशी प्रसिद्धी आहे. ज्ञानेश्वरीच्या ओव्या नऊ हजारांच्या आसपास आहेत, हे लक्षात घेतले म्हणजे या ग्रंथाच्या विस्ताराची कल्पना येते. 'अर्णव' म्हणजे समुद्र. नाव अगदी यथार्थ आहे. याशिवाय त्यांनी हजारो पदे रचली, संस्कृतातही ग्रंथ लिहिले. पदांच्या शेवटी ते 'दिगंबर' ही मुद्रा घालीत. दिगंबर हे दत्तांचे नाव, आणि ज्यांच्या बाकीपोटी ते तारण पडले त्या वडिलांचेही नाव तेच!

मराठीविषयी त्यांना फार अभिमान होता. त्या काळी पंडित मंडळी मराठीला कमी लेखीत. दासोपंतांनी गीतार्णवात त्यांना मोठे मार्मिक उत्तर दिले आहे. त्यासाठी त्यांनी उदाहरण घेतले तेही घरातल्या मडक्यांचे. संस्कृतात 'घट' म्हटले की सगळी भांडी त्यात आली. पण ते भांडे कोणते, ते कसे कळावे? मराठीत घागर निराळी, डेरा निराळा, रांजण निराळा आणि सुगड निराळे. प्रत्येकाचा घाट वेगळा, काम वेगळे, म्हणून नावही वेगळे. स्वयंपाकघरात पाणी भरणाऱ्या बाईला जो भेद सहज कळतो, तोच त्यांनी शास्त्र्यांना दाखवून दिला.

परंतु दासोपंत म्हटले की सर्वांना आठवते ती त्यांची पासोडी. पासोडी म्हणजे थंडीत अंगावर घ्यायचे जाड्याभरड्या कापडाचे पांघरूण. अशा सुमारे ४० फूट लांब व ४ फूट रुंद कापडावर त्यांनी 'पंचीकरण' हा ग्रंथ स्वतः लिहून काढला. त्यात सुमारे १,६०० ओव्या आहेत. नुसत्या ओव्याच नव्हेत, तर विषय समजावा म्हणून त्यांनी मध्ये रेघा आखून कोष्टके व आकृतीही काढल्या आहेत. शाळेत गुरुजी भिंतीवर तक्ता टांगतात, तसाच हा प्रकार. फक्त तो चारशे वर्षांपूर्वीचा आणि एखाद्या घराच्या लांबीचा. पृथ्वी, पाणी, तेज, वारा आणि आकाश या पाच महाभूतांपासून मनुष्याचा देह कसा घडला, आणि या पाचांतले काहीही नसलेला 'मी' म्हणजे कोण, हा पंचीकरणाचा विषय. ज्या देहाला कोवळ्या वयात सरकारी बाकीचे तारण म्हणून ठेवण्यात आले होते, जो पैशाच्या तागडीत घालून तोलला गेला होता, त्या देहाची खरी घडण दासोपंतांनी एवढ्या लांबरुंद कापडावर तपशीलवार मांडून ठेवली.

शके १५३७ मध्ये माघ वद्य षष्ठीस दासोपंतांनी अंबाजोगाईला देह ठेवला. त्यांच्या वंशजांनी आणि भक्तांनी ती पासोडी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. काही ठिकाणी ती जीर्ण झाली आहे, काही अक्षरे पुसट झाली आहेत. तरी तिची घडी उलगडताना अजूनही कापड धरायला बरीच माणसे लागतात, आणि ओळीमागून ओळ, कोष्टकामागून कोष्टक, दासोपंतांचे हस्ताक्षर पुढे येत राहते.